आनंदरावांची पाण्याची वही

आमच्या घरी कप वेगळा नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण याच गोष्टीचा मला फार अभिमान होता. आनंदराव गोंडाणे आले की त्यांना पाहुण्यांच्या कपात, बशीसकट, चहा द्यायची मी. महिला मंडळात या विषयावर दोनदा बोललेसुद्धा होते. ‘सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली पाहिजे,’ असं म्हटलं होतं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते आठवलं की कान तापतात.

आनंदराव एका कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक होते. उत्तर नागपुरात, इंदोऱ्यात राहायचे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर ॲसिडचे जुने पिवळे डाग. त्यांचा आमचा संबंध आला तो समुद्राच्या पाण्यामुळे. नागपुरात समुद्राचं पाणी कुठून आलं, असं कुणीही विचारेल. ते आमच्या दिवाणखान्यात होतं.

आमचे हे संत्र्याचे व्यापारी, मूळचे काटोलचे; सगळे त्यांना भैयाजी म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ विश्वनाथ मालवाहू जहाजांवर नोकरीला. एक्क्याऐंशीच्या दिवाळीत तो आला तो परदेशी मिठाची पाकिटं, हवेचा पंप आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. प्रताप नगरात आमचा बंगला नवा होता, दिवाणखान्याची एक भिंत मोकळी होती. तिथे चार फुटी काचेची टाकी आली. मुंबईहून रेल्वेने, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आले, झिंगे आले, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, आलं आणि जिवंत पोवळ्याचे चार-पाच दगड आले. वीस दिवसांत सगळं मेलं. घरात असा वास सुटला की मोलकरीण दोन दिवस आलीच नाही.

यांचे एक प्राध्यापक मित्र होते, रसायनशास्त्राचे. ते म्हणाले, “आमचा आनंदराव पाठवतो. आमच्या विभागात खरी केमिस्ट्री त्यालाच येते, आम्ही नुसते पगार घेतो.”

दुसऱ्या दिवशी आनंदराव सायकलवर आले. चपला बाहेर काढल्या, टाकीजवळ उभे राहिले आणि माझ्याकडे एक काचेचा ग्लास मागितला.

“मासे बघा की आधी,” मी म्हटलं.

“मासे मंग पाहू बाई. पयले पाणी पाहू,” ते म्हणाले. “आपुन पाणी पाळाचं. ते नीट पाळलं, तं मासे आपसूक राह्यतात.”

तेव्हापासून तीन वर्षं, दर गुरुवारी आणि रविवारी ते आले. एका जुन्या पत्र्याच्या पेटीत त्यांचं सामान असायचं: परीक्षानळ्या, थेंब टाकायच्या बाटल्या, पाण्यात तरंगवून मिठाचं प्रमाण सांगणारी काचेची नळी आणि स्वतः रंगवलेली एक पट्टी. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, नळी उत्तरेच्या खिडकीशी पांढऱ्या कागदासमोर धरायची आणि पट्टीवरच्या रंगाशी जुळवायची. पाणी किती आम्ल, किती क्षारी, ते त्यातून कळायचं. माशांच्या घाणीचं विष साचलंय का ते दुसऱ्या नळीत कळायचं. प्रत्येक तपासणी ते दोनदा करत. दोन्ही जुळल्या तरच वहीत लिहीत, नाहीतर तिसऱ्यांदा. मला हसू यायचं. आमच्या मुलीच्या पत्रिकेसाठीसुद्धा आम्ही इतकं जुळवलं नव्हतं.

वही साधी, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, पाण्याची उष्णता, मीठ, क्षार, चुना, विष असे उभे रकाने, आणि शेवटचा रकाना रुंद, त्यावर मथळा ‘कारण’. काही वाढलं किंवा घटलं, तर ते का, हे त्यात लिहायचं. ‘दोन दिवस वीज नव्हती, पंप बंद.’ ‘बाईंच्या नातवानं पोहे टाकले.’ एकदा त्यांनी ‘माझी चूक, पट्टी उन्हात राहिली’ असंही लिहिलेलं मी वाचलं होतं. स्वतःची चूक असं शाईने लिहून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पोवळ्याला चुना लागतो हे मला त्यांनीच सांगितलं. पानाच्या ठेल्यावरचा चुना चालत नसे. ते कॉलेजातून स्वच्छ चुना आणत, पाण्यात कालवून रात्रभर ठेवत आणि वरची निवळी थेंबाथेंबानं टाकीत सोडत. “त्याचं घर चुन्याचं असते बाई. आपल्याले विटा लागतात, त्याले हे लागते.” पाणी स्थिरावल्यावर मुंबईहून पुन्हा मासे, झिंगे, गोगलगायी, समुद्रफूल आणि पोवळ्याचे दगड मागवले होते; हळूहळू ते दगड जागे झाले. कुठे जांभळं, कुठे हिरवं, फुलासारखं उमलायचं आणि दिवा बंद केला की मिटायचं. समुद्रफुलाच्या बोटांत दोन पट्टेरी मासे संसार थाटून बसले. मुंबईच्या दुकानदाराने यांना पत्रात लिहिलं होतं की समुद्राकाठी राहून आमच्याकडे हे वर्षभर टिकत नाही. यांनी ते पत्र चारचौघांना वाचून दाखवलं. आनंदरावांनाही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि घडी घालून परत दिलं, पण त्या दिवशी जाताना ते टाकीसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले.

चहा पिताना ते थोडंथोडं सांगत. वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. आनंदराव मॅट्रिक झाले आणि रसायनशाळेत बाटल्या धुवायला लागले. धुताना बाटल्यांवरची नावं पाठ केली, मग पुस्तकं उघडली. पोरांना दिलेल्या रासायनिक मिठाची ओळख पटत नसली की ते मागून जाताना नुसता वास घेऊन नाव सांगत. छप्पनच्या दीक्षेच्या दिवशी ते पंचवीस वर्षांचे होते. “लाखानं लोक होते बाई. माह्यी ड्यूटी पाण्यावर होती. सकाळपासून हौदावर उभा, गडवे भरून देऊन राह्यलो. पाय सुजले, पण बसाची इच्छाच नाई झाली.” मी म्हटलं, “वा!” मनापासून म्हटलं होतं.

आणि त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परीक्षेची मिठं. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला ओळखायला एक मीठ देतात. कोणत्या पुडीत काय आहे हे परीक्षा होईपर्यंत एकाच माणसाला ठाऊक असतं. अठरा वर्षं ते काम आनंदरावांकडे होतं. परीक्षक बदलले, प्रमुख बदलले, पण पुड्या बांधायला आनंदरावच. एकदा कुणा बड्याच्या मुलासाठी घरी मिठाईचा डबा आला होता, तो त्यांनी सायकलवर घालून परत नेऊन दिला. “आपल्यापाशी दुसरं काय हाये बाई? सांगतलेली गोष्ट खरी असते, एवढंच हाये.”

आता मी माझ्याकडे वळते. टाळता येईल तितकं टाळलं.

टाकीतलं पाणी रोज उडून जातं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. म्हणून रोज गोडं पाणी वरून घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं म्हणून आनंदराव कॉलेजातून वाफेचं गाळलेलं पाणी आणत, प्राध्यापकांची परवानगी काढून. काचेच्या दोन मोठ्या बरण्या, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरियरला बांधलेल्या. इंदोऱ्यातून कॉलेज आणि कॉलेजातून प्रताप नगर, अशी ती काच तीन वर्षांत एकदाही फुटली नाही. बरण्या थंड जागी हव्या म्हणून माझ्या ओट्याखाली ठेवलेल्या. रोज सकाळी दोन गडवे पाणी टाकीत. ते काम हे स्वतः करायचे.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत मृगाच्या बहाराची संत्री जोरात निघाली होती. हे काटोलला जाऊन बसले. सव्वा महिना बाजारातच होते, आठवड्यातून एकदा कपडे बदलायला घरी. जाताना मला म्हणाले, “पाण्याचं तेवढं पाहशील.”

मी सकाळी अंघोळ करते, मग देवपूजा. टाकीचं काम मधे आलं. पहिल्या दिवशी ओल्या केसांनी ओट्याखाली वाकले, बरणीला हात लावायला गेले आणि हात थांबला. कुणी सांगितलं नव्हतं, घरात कुणी बघतही नव्हतं. मनात एवढंच आलं की पूजेच्या आधी हे पाणी हातावर कशाला. ‘हे पाणी’ म्हणजे कोणतं, ते मी स्वतःशीही बोलले नाही. माशांची जात मला आडवी आली नाही. मेलेला झिंगा मी याच हातानं काढून टाकला होता, त्याच्यासाठी फक्त हात धुतले होते. आनंदरावांच्या हातानं भरलेल्या पाण्यासाठी मात्र हात पुढे होईना.

पलीकडे तिपाईवर माझा पाण्याचा गुंड होता. तांब्याचा, आईनं लग्नात दिलेला, चिंचेनं घासून आरशासारखा लखलखीत. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे आम्ही जन्मापासून ऐकलेलं. मी गुंडातून दोन गडवे घेतले आणि टाकीत ओतले. पूजा झाल्यावर बरणीतलं तितकंच पाणी फडक्यानं बरणी धरून मोरीत ओतून दिलं, म्हणजे पातळी बरोबर उतरलेली दिसेल. हा हिशोब मला आपोआप सुचला. चोरी करणाऱ्याला सगळं सुचतं.

दुसऱ्या दिवशी तेच केलं, आणि मग रोजच. गुरुवारी आनंदराव यायचे, मी त्यांना पाहुण्यांच्या कपात चहा द्यायची.

सोळाव्या-सतराव्या दिवशी झिंगे मेले. आनंदरावांनी पाणी तपासलं, सगळं जागेवर. मग काचेला चिकटलेल्या गोगलगायी एकेक करून खाली पडल्या. समुद्रफूल आक्रसलं, सुकलेल्या झेंडूएवढं झालं. पोवळी उघडेनाशी झाली. मासे मात्र धडधाकट फिरत होते, आणि त्यामुळेच आनंदरावांचं डोकं फिरलं. विष असेल तर मासे आधी जायला हवेत.

ते रोज येऊ लागले. कॉलेज सुटलं की सरळ सायकल इकडे. सगळी द्रावणं त्यांनी ओतून दिली आणि नवी केली. रंगाची पट्टी नव्यानं रंगवली. निवळीचा चुना बदलला. माझ्या ओट्याशी उभे राहून म्हणाले, “बाई, माह्याच हातानं काही चुकून राह्यलं. काय, ते सापडून नाई राह्यलं.”

“तुमच्या हातानं कसं चुकेल,” मी म्हटलं.

“वरचं पाणी बरणीतलंच टाकता नं?”

“हो तर. मग कुठलं?”

इतक्या सहज म्हटलं मी. त्यांनी मान डोलावली. माझा शब्द त्यांनी दुसऱ्यांदा तपासला नाही. नळीतला रंग दोनदा बघणाऱ्या माणसानं माझं एकदाच ऐकलं आणि खरं धरलं.

खरं सांगते, तांब्यामुळे हे होतंय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आपण काहीतरी करतोय आणि ते लपवतोय हे माहीत होतं. तरी सकाळ झाली की हात गुंडाकडेच जायचा. सोडलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. शेवटी शेवटी तर मी स्वतःला समजावत होते की आजारी जिवांना शुद्ध पाणीच बरं.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी हे काटोलहून कायमचे परतले. विश्वनाथही सुटीवर आला होता. दोघे दिवाणखान्यात मेलेल्या टाकीसमोर बसले होते. पोवळ्यांवर राखेसारखा थर आला होता. आनंदराव आत स्वयंपाकघरात माझ्या गॅसवर दोन काचेची भांडी ठेवून उभे होते. घरात जितक्या जागी पाणी आहे तितके नमुने आटवून बघायचे, हे त्यांनी ठरवलं होतं. नळाचं झालं, गच्चीवरच्या टाकीतलं झालं. शेवटी एका भांड्यात बरणीतलं आणि दुसऱ्यात माझ्या गुंडातलं.

तासाभरात दोन्ही चमचाभर उरलं. त्यांनी दोन पांढऱ्या वाट्यांत काढलं आणि एका बाटलीतले दोन-दोन थेंब टाकले. बरणीचं पाणी होतं तसंच राहिलं. गुंडाच्या पाण्याला काताचा रंग चढला, लालसर तपकिरी.

“तांबं,” आनंदराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. तीन आठवडे छळणारं कोडं सुटत असल्यासारखा. “चिंचेनं घासल्यावर तं आणखीन सुटते. माणसाले काही होत नाई याच्यानं, पण झिंग्याले, पोवळ्याले हे जहर हाये बाई. पुस्तकात लिवलं हाये. म्हणून तं मी पंपाची पितळी चकती काढून टाकली होती.” मग थांबले. “पण हे पाणी टाकीत जातच नाई.”

मी कुकरचं झाकण पुसत होते.

“जाते का बाई?”

 माझी नजर ओट्याखालच्या बरणीकडे गेली, आणि त्यांनी माझी नजर पाहिली. बरणी अर्धी होती. रोज दोन गडव्यांनी उतरत होती. पाणी जर टाकीत जात नव्हतं, तर कुठे जात होतं? त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग मोरीकडे, मग माझ्या ओल्या केसांकडे आणि देवघराच्या उघड्या दाराकडे. तपासणी करायची त्यांना सवयच होती. त्यांना वेळ लागला नाही.

चेहऱ्यावरचा तो उजेड गेला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. ते वाट्या धुवायला नळाशी गेले, आणि नळाला हात लावायच्या आधी थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा थांबले. 

“वहीत काय लिहू?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू, जणू चूक त्यांची होती.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हटलं, “नका ना लिहू.”

लिहायला बाहेर काढलेलं पेन त्यांनी खिशाला लावलं.

बाहेर विश्वनाथ वही चाळत होता. आनंदराव दारात आले तसा तो म्हणाला, “काहो, महिनाभर सगळं मरून राह्यलं आणि तुमचे आकडे पाहा. तेच, तेच, तेच. इकडे मुडदे पडून राह्यले आणि वहीत सब ठीक? घरी बसून भरता काय वही?”



हे म्हणाले, “आनंदराव, काही कारण तर असेल? शेवटचा रकाना पूर्ण कोरा आहे. तुम्ही तर पोह्याचंसुद्धा कारण लिहिता.”

आनंदरावांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या मागे पदराला हात पुसत उभी होते. चार पावलांवर. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. ‘मी केलं’, दोन शब्द. पण त्या दोन शब्दांच्या मागून ‘का’ आलं असतं, आणि त्या ‘का’ला विश्वनाथसमोर, यांच्यासमोर, महिला मंडळातल्या माझ्या नावासमोर काय उत्तर देणार होते मी?

“कारण मले लिवता नाई आलं, भैयाजी,” आनंदराव म्हणाले.

“लिवता नाई आलं म्हणजे बनवता नाई आलं,” विश्वनाथ हसला.

मान खाली घालायची वेळ माझी होती. घातली त्यांनी. पत्र्याची पेटी उचलली आणि गेले. बरण्या न्यायचं राहून गेलं; वहीही टेबलावर राहिली.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते इथंच थांबलं नाही. विश्वनाथनं ती गोष्ट प्राध्यापकांच्या घरी जेवताना रंगवून सांगितली. प्राध्यापक वाईट माणूस नव्हते, पण एप्रिलात परीक्षा होती आणि आकडे घरी बसून भरणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. त्या वर्षी मिठाच्या पुड्या दुसऱ्या माणसानं बांधल्या. हे मला यांच्याकडून कळलं. जेवताना सहज म्हणाले, “आनंदरावचं ते परीक्षेचं काम काढलं म्हणे.” मी यांना आणखी एक पोळी वाढली.

चार वर्षं मी गप्प राहिले. त्यात काही रोमांचक नाही. गप्प राहणं सोपं असतं. टाकी विकली. गुंड माळ्यावर टाकला आणि स्टीलचा आणला. महिला मंडळात जायचं सोडलं, तिथे माझी तब्येत बरी नसते असं समजतात. एकोणनव्वदच्या मे महिन्यात हे म्हणाले की आनंदराव या महिन्याअखेर रिटायर होतो आहे. तेव्हा कपाटाच्या तळातून ती वही काढली आणि रिक्षा करून इंदोऱ्याला गेले. यांना सांगितलं, सीताबर्डीवर कापड बघायला जाते.

आनंदराव पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून शेजारच्या एका मुलीला रसायनाची सूत्रं शिकवत होते. मला पाहून उठले. मुलीला घरी पाठवलं, मला खुर्ची दिली. “चहा ठेव वं कौसल्या, प्रताप नगरच्या बाई आल्या,” त्यांनी आत आवाज दिला. त्यांची बायको दारात येऊन हसली. तिला काही माहीत नसावं. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“काय सांगू बाई?” ते म्हणाले. “माह्या हातचं पाणी बाईनं मोरीत ओतलं, हे? चार माणसात मीच आपल्या तोंडानं सांगू? अठ्ठावन्न वर्षाचा होऊन राह्यलो, आजही नाई सांगता येत. ते ज्याचं त्यानं सांगाव लागते.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. राग नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली, मार्चचं ते पान काढलं.

“तारीख कोणती होती? पयल्या दिवसाची?”

मला तारीख पाठ होती. “अकरा फेब्रुवारी.”

त्यांनी पान मागे उलटलं, अकरा फेब्रुवारीपाशी बोट ठेवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘आजपासून वरचं पाणी तांब्याच्या भांड्यातलं.’ मग बोटानं पुढचे दिवस मोजत गेले: झिंगे, गोगलगायी, समुद्रफूल. सगळं त्या तारखेपासून बरोबर बसत होतं. ते एकदा स्वतःशीच ‘हं’ म्हणाले. त्यांचे आकडे खरे होते. चार वर्षांनी का होईना, पण त्यांनी ते बघितलं.

शेवटचा रकाना कोरा होता. त्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि पेन पुढे केलं.

“हे तुम्ही लिवा.”

आत कपबशांचा आवाज येत होता. मला काय लिहायचं ते माहीत होतं. त्याचसाठी आले होते. पेन हातात घेतलं. मग वाटलं, ही वही त्यांच्या घरात राहील, त्यांची मुलं वाचतील, नातवंडं वाचतील, खाली माझं अक्षर असेल. मी एक शब्द लिहिला: ‘चुकून.’

आनंदरावांनी वही सरळ केली आणि वाचलं.  खिशातून टोपण काढून पेनाला लावलं. वही मिटली आणि उठून, दोन्ही हातांनी, माझ्या मांडीवर आणून ठेवली.

“ही तुमच्यापाशीच राहू द्या बाई,” ते म्हणाले. “मले घरात नाई ठेवता येणार.”